बीएस्सी फिजिक्स, एमएस्सीचं कर्ज आणि अण्णांच्या वहीतलं पान

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. बारावीला आहे. फिजिक्स आवडतं, पण घरात सगळे म्हणतात इंजिनिअरिंग बघ नाहीतर फार्मसी. तिनं विचारलं, "ताई, फिजिक्समध्ये बीएस्सी केलं तर पैशाचं कसं जमतं गं?" फोनवर दहा मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं. शिवाय माझं शैक्षणिक कर्ज आत्ता नोव्हेंबर २०२५ मध्ये फिटलंय, आकडे ताजे आहेत. म्हणून सगळं एकदा क्रमानं लिहून काढतेय. आकडे आमच्या घरचे आहेत, तुमचे वेगळे असतील.

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. आई घरी शिवणकाम करते. मे २०१६ मध्ये माझा बारावीचा निकाल लागला, ७१ टक्के. पहिल्या एक टक्क्यातल्या मुलांना बेसिक सायन्ससाठी वर्षाला ८०,००० ची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते. माझ्या टक्केवारीला ती शक्यच नव्हती. खाजगी इंजिनिअरिंगला नंबर लागत होता, फी वर्षाला ८५,०००. त्या रात्री अण्णांनी दुकानातल्यासारखीच एक लाल वही काढली, पान मधोमध दुमडलं, डावीकडे लिहिलं 'जमा', उजवीकडे 'नावे'. लिहिलं पेन्सिलीनं. म्हणाले, "आकडे पक्के झाले की शाईनं. तवर पेन्सिल."

इंजिनिअरिंगच्या नावे बाजूला ३,४०,००० झाले, तेही नुसती फी. बीएस्सीला शिवाजी विद्यापीठाशी संलग्न अनुदानित कॉलेज घरापासून सायकलच्या अंतरावर. पहिल्या वर्षाची फी ७,८०० रुपये. तीन वर्षांची मिळून २५,६००, आणि जर्नल, पुस्तकं, झेरॉक्स धरून पंचेचाळीस हजारांच्या आत सगळं बसलं. त्यातली थोडी फी महाडीबीटीवरून राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत परत आली, उशिरा का होईना. तिसऱ्या वर्षी मी नववी-दहावीच्या चार मुलांच्या शिकवण्या घेत होते, महिन्याला ३,०००. माझी एक मैत्रीण साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकली, तिनं तर घरून जवळजवळ काहीच घेतलं नाही. म्हणजे आपल्या भागात नुसती बीएस्सी कर्ज न काढता होते. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढं जे कर्ज झालं ते बीएस्सीचं नाही, बीएस्सीनंतरच्या दोन वर्षांचं आहे. 'फिजिक्स करून काय मिळतं' असं विचारणारे सहसा पहिल्या तीनच वर्षांचा हिशेब मांडतात.

आणि त्या तीन वर्षांत मला काय मिळालं तेही सांगते. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सोडियमचा दिवा लावायचा. तो लगेच पिवळा होत नाही. आधी गुलाबीसर पेटतो, पाच-सात मिनिटं तापतो, मग पिवळा येतो. तोवर अंधाऱ्या खोलीत नुसतं बसायचं. मग ग्रेटिंगमधून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या काचेतून, दुर्बिणीत बघायचं, तर जी एक पिवळी रेघ वाटत होती तिच्या दोन होतात. तरंगलांबी ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम. व्हर्नियरच्या बारीक मोजपट्टीवर भिंग धरून आकडा वाचताना माझा हात थरथरला होता. त्या दिवशी ठरवलं की एवढ्यावर थांबायचं नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एमएस्सीच्या प्रवेशासाठीची आयआयटीची जॅम परीक्षा दिली, नंबर बराच मागं पडला. कोल्हापूरला विद्यापीठात एमएस्सीच्या वेटिंगवर राहिले. पुण्यात एका कॉलेजात विनाअनुदानित तुकडीत प्रवेश मिळाला, फी वर्षाला ६२,०००. प्रवेश मिळाला त्याच महिन्यात सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबनं आमच्या वर्गातल्या दोघींना बोलावलं होतं, पगार १२,०००. मैत्रीण गेली. मी नाही म्हणाले.

कर्जाची सुरुवात जुलै २०१९ मध्ये झाली. शैक्षणिक कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरला. एकाच फॉर्मवर तीन बँकांना अर्ज करता येतो, तरी खरं काम शाखेतच होतं. फी ६२,००० प्रमाणे दोन वर्षांची, हॉस्टेल-मेस महिन्याला १०,००० धरून वीस महिन्यांची, आणि लॅपटॉपला ३६,००० असे ३,६०,००० मागितले. चार लाखांच्या आत असलं की तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार. कागद लागले ते असे: दहावी-बारावी आणि बीएस्सीच्या गुणपत्रिका, प्रवेशाचं पत्र, कॉलेजच्या लेटरहेडवर वर्षवार फी, हॉस्टेलचं पत्र, दोघांचं आधार-पॅन, अण्णांच्या पगाराचा दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्याला आठ दिवस गेले. फीचं पत्र दोन्ही वर्षांचं एकत्र घ्या. मी एकाच वर्षाचं नेलं होतं, त्यापायी पुण्याची एक जास्तीची फेरी झाली.

पहिल्या शाखेत साहेबांनी अर्ज बघून अण्णांना विचारलं, "एमएस्सी फिजिक्स करून नोकरी कुठं लागणार? इंजिनिअरिंग असतं तर बघितलं असतं." अण्णा काही बोलले नाहीत. बाहेर येऊन रसाच्या गाड्यावर बसले, म्हणाले, "प्रश्न बरोबर हाय गं त्यांचा. आपल्याकडं उत्तर पाहिजे." दुसऱ्या शाखेत जाताना मी एक कागद लिहून नेला: एमएस्सीनंतर कुठल्या नोकऱ्या, पगार किती, हप्ता किती बसेल. तिथल्या मॅडमनी तो वाचला आणि फाईलला लावून घेतला. हे जरूर करा. अर्जासोबत स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान असलं तर बोलणं त्यावर होतं.

एक गोष्ट तिथंच कळली. शिक्षण चालू असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना आहे, हे मी वाचलं होतं. आमचं उत्पन्न बसत होतं. पण ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी होती, साध्या एमएस्सीला नाही. मी पानावर ते व्याज जमेत धरलं होतं. अण्णांनी खोडरबरानं पुसलं.

२५ जुलैला कागद जमा केले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापूर आला. आम्ही सांगलीच्या गावभागात भाड्यानं राहतो, तळमजला. ५ तारखेला रात्री पाणी गल्लीत आलं तेव्हा आई, मी आणि आजी मिरजेला मावशीकडे गेलो, अण्णा दुसऱ्या दिवशी बोटीतून आले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. दहा-बारा दिवसांनी घरी आलो तर भिंतीला माझ्या खांद्यापर्यंत चिखलाची रेघ. मूळ गुणपत्रिका अण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत नेल्या होत्या. लाल वही कपाटात राहिली. ती गच्च फुगलेली, दुकानाच्या आकड्यांची निळी शाई सगळी पसरून पानं आकाशी झालेली. आमचं पान मात्र वाचता येत होतं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. आईनं ती वही पंख्याखाली चार दिवस उलटी टांगून वाळवली.

बँकेची शाखा दोन आठवडे बंद. कॉलेजची फी भरायची मुदत २० ऑगस्ट. मी कॉलेजला पुराचे फोटो आणि अर्ज ईमेल केला, त्यांनी पहिला हप्ता २०,००० भरून प्रवेश पक्का करायची परवानगी दिली. ते पैसे मामांनी दिले. पावती जपून ठेवली म्हणून बँकेनं नंतर ती रक्कम कर्जातून दिली. पावतीशिवाय ती मिळाली नसती. अखेर ११ सप्टेंबर २०१९ ला कर्ज मंजूर झालं. व्याज ९.८० टक्के, मुलगी म्हणून अर्धा टक्का कमी, म्हणजे ९.३०. स्टँप, झेरॉक्स, फोटो आणि जाण्यायेण्याचे मिळून साधारण १,९०० रुपये गेले.

मंजूर झाले ३,६०,०००, पण व्याज लागतं ते उचललेल्या रकमेवर. सप्टेंबरला फी आणि हॉस्टेलचे मिळून १,१७,००० उचलले, जानेवारी २०२० ला ४५,०००. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी सांगलीला परत आले. जुलैला लॅपटॉपचे ३६,०००, डिसेंबरला दुसऱ्या वर्षाची फी ६२,०००. एकूण २,६०,०००. उरलेल्या लाखाला हात लावला नाही. तेव्हा दोघा-तिघांनी सुचवलं होतं की मंजूर आहेत तर उचलून ठेव, अडीअडचणीला होतील. आईनं सरळ नाही म्हणून सांगितलं. माझ्या सगळ्या कर्जप्रवासातला सगळ्यात चांगला निर्णय तिचा होता.

शिकताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. ते साधं व्याज असतं, हप्ता सुरू होताना मुद्दलात मिसळतं. माझं असं ६१,००० च्या आसपास झालं. अण्णा जानेवारी २०२१ पासून दर महिन्याला १,००० रुपये भरत होते, २१ महिने. त्यामुळं हप्ता सुरू होताना बाकी तीन लाखांवर आली. ते भरले नसते तर त्यावरही पुढची तीन वर्षं व्याज भरावं लागलं असतं. ज्यांना पाचशे भरता येतील त्यांनी पाचशे भरावेत.

एमएस्सीचा निकाल सप्टेंबर २०२१ मध्ये लागला. पुढचे नऊ महिने मला लिहायला जड जातात. एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. सात महिन्यांचे साठ हजार झाले, ते पुढच्या ऑगस्टमध्ये एकरकमी मिळाले. तोवर एसटीचं भाडं आईकडून. शिकवायला मला फार आवडायचं. पण पक्की नोकरी हवी तर बी.एड. लागतं, ते दोन वर्षांचं, आणि मग जागा निघाली तर तीन वर्षं शिक्षणसेवक. जानेवारी २०२३ पासून ते मानधन माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० आहे, त्याआधी त्याच्या निम्म्याहून कमी होतं. तीन लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन आणखी पाच वर्षं थांबणं मला जमणार नव्हतं. त्या दिवसांत रात्री झोप लागायची नाही. अण्णा एकदाही म्हणाले नाहीत की बारा हजारांची नोकरी सोडली होतीस. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं, असंही वाटायचं.

जून २०२२ मध्ये मी कुपवाडच्या त्याच लॅबमध्ये लागले. एमएस्सी म्हणून १६,०००. २०१९ ला तिथं लागलेली माझी मैत्रीण तेव्हा १७,००० वर होती.

काम ओतकामाच्या नमुन्यांचं. आसपासच्या फाउंड्रीतून रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या लोखंडी चकत्या येतात, भट्टी चालू असतानाच, घाईनं, कधी अजून कोमट. चकती पट्ट्यावर घासून स्वच्छ करायची, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते प्रकाशावरून मोजणाऱ्या यंत्रावर ठेवायची, बटण दाबायचं. आरगॉन वायूत ठिणगी पडते, मिनिटभराच्या आत कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक सगळ्यांचे टक्के पडद्यावर. कार्बनची रेषा १९३ नॅनोमीटरच्या आसपास असते, हवा तो प्रकाश शोषून घेते, म्हणून आरगॉन. आरगॉनचा सिलिंडर संपत आला की पहिला कार्बनचा आकडा हलायला लागतो, हे मला तिसऱ्या आठवड्यात कुणी न सांगता कळलं. तेव्हा सोडियमच्या दोन रेघा आठवल्या. प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची रेघ, इथं त्यावर लोकांची भट्टी थांबते किंवा ओतते.

हप्ता ऑक्टोबर २०२२ पासून, ४,८७० रुपये, सात वर्षं. त्याच सुमाराला रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला, फेब्रुवारी २०२३ पर्यंत. माझ्या बँकेनं हप्ता तेवढाच ठेवला आणि मुदत वाढवली. ते मला स्टेटमेंट काढल्यावर कळलं. दर सहा महिन्यांनी स्टेटमेंट काढून किती हप्ते राहिले ते मोजा. एप्रिल २०२३ ला पगार २२,००० झाला तसा मी हप्ता ८,००० केला. दोन दिवाळ्यांना बोनस आणि आईची भिशी मिळून २५,००० आणि ४०,००० जास्तीचे भरले. जास्तीचे पैसे भरताना 'मुद्दलात जमा करावे' असं लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर ते पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहू शकतात. मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लागला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शेवटचे चार हजार काही रुपये भरले. बेबाकी, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याच्या दाखल्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागला, तो पंधरा दिवसांनी मिळाला. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलवर खातं बंद दिसायला आणखी महिना गेला. दिसलं नाही तर पाठपुरावा आपणच करायचा असतो.

त्या रविवारी अण्णांनी तेच पान काढलं. उचलले २,६०,०००, फेडले ३,७५,०००. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "न आलेला पगार कुठं धरलास?" तो मी कधीच धरला नव्हता. मैत्रिणीला जुलै २०१९ ते जून २०२२ मध्ये, लॉकडाऊनमधले अर्ध्या पगाराचे महिने धरून, पाच लाखांच्या आसपास मिळाले. मला त्याच काळात साठ हजार. फरक ४,४०,०००. फेडलेले ३,७५,००० मिळवले तर ८,१५,०००. आज माझा पगार २७,००० आहे, तिचा २३,०००. महिन्याला चार हजारांचा फरक, वर्षाला ४८,०००. भागिलं तर सतरा वर्षं. सतरा वर्षांनी मी तिच्या बरोबरीला येईन.

हा आकडा बघून मी बराच वेळ गप्प होते. पूर्ण बरोबर तो नाही. कर्जात माझं पुण्यातलं जेवण-राहणंही होतं, तिचा तेवढा खर्च घरच्यांनी सोसला. आणि फरक वाढत जाईल असं मला वाटतं, कारण २०२४ पासून रिपोर्टवर सही करायचा अधिकार मला मिळालाय आणि तो देताना एमएस्सी बघितली गेली. माझ्या एमएस्सीच्या वर्गातली एक नेट परीक्षा पास होऊन पीएचडीला आहे, जेआरएफ या संशोधनाच्या शिष्यवृत्तीला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात. तिचं पान वेगळं येईल. पण माझं हे असं आहे आणि ते मला २०१९ मध्ये कुणीतरी मांडून दाखवायला हवं होतं. एमएस्सीचा पश्चात्ताप नाही. बीएस्सीनंतर एक वर्ष नोकरी करून, थोडे पैसे साठवून, कोल्हापूरला पुन्हा प्रयत्न करायला हवा होता, असं मात्र आज ठामपणे वाटतं.

दुसरी गोष्ट, नुसत्या बीएस्सीवर काय मिळतं हे मी नीट शोधलंच नव्हतं. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटला फिजिक्स घेतलेली बीएस्सी चालते, मूळ वेतन ३५,४००. २०२२ च्या जाहिरातीला मी अर्ज केला, निवड झाली नाही, कारण तयारी दोनच महिन्यांची. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या स्टायपेंडियरी ट्रेनीला बीएस्सी ६० टक्के लागतात, तिथं शिकतानाच विद्यावेतन मिळतं. बँकेच्या परीक्षांना कुठलाही पदवीधर चालतो. यांची तयारी तिसऱ्या वर्षाला सुरू करायची असते.

मामेबहिणीला मी सांगितलं, आवडत असेल तर बीएस्सी कर, इथंच, अनुदानित कॉलेजात. आता नव्या शिक्षण धोरणात चौथं ऑनर्सचं वर्ष आलंय आणि ते केलं तर एमएस्सी एका वर्षाची. म्हणजे बाहेरगावी राहायचा खर्च एका वर्षाचा होऊ शकतो, माझ्यासारखा दोनाचा नाही. नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे, पण यादीतल्या संस्थांनाच, तेव्हा कॉलेज निवडायच्या आधी यादी बघायची. तिनं विचारलं, चौथं वर्ष करू का तिसऱ्यानंतर बाहेर पडू? मी म्हटलं, तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत ये, तोवरचे तुझे मार्क आणि निघालेल्या जाहिराती समोर ठेवून अण्णांकडून पान आखून घेऊ.

तोवर एक काम. उत्पन्नाचा दाखला आत्ता काढू नकोस, तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. एप्रिल लागला की पहिल्या आठवड्यात सेतूत जा, मामांचा पगाराचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन.